ग्रामोफोन ते होम थिएटर : पाटण खोऱ्यातील घरगुती श्रवणाचा इतिहास

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेस सह्याद्रीला भिडलेला पाटण तालुका हा कोयना, केरा, मोरणा, तारळी आणि वांग या नद्यांच्या खोऱ्यांत वाड्यावस्त्यांनी विखुरलेला प्रदेश आहे. भाताचे एक पीक आणि मुंबईहून येणारी मनीऑर्डर या दोन आधारांवर येथील बहुसंख्य कुटुंबांचे अर्थकारण दीर्घकाळ चालत आले. या अर्थकारणाचा ठसा घरातील प्रत्येक वस्तूच्या खरेदीवर उमटला असून ध्वनियंत्रेही त्याला अपवाद नाहीत. पडद्यासमोर डावा, मधला आणि उजवा असे तीन ध्वनिवर्धक, श्रोत्याच्या दोन्ही बाजूंस किंचित मागे दोन आणि खर्जासाठी स्वतंत्र सबवूफर अशी जी रचना ‘पाच पूर्णांक एक’ अर्थात ५.१ या नावाने ओळखली जाते, ती आज तालुक्यातील अनेक घरांत पोहोचली आहे. नवशिक्याने हे सहा भाग एकदम न घेता वर्षावर्षाने जोडत जाणे ही नव्या काळाची तडजोड समजली जाते. प्रत्यक्षात या खोऱ्यात ध्वनियंत्र घरात येण्याची तीच जुनी, रुळलेली आणि बहुतेक वेळा अधिक शहाणपणाची रीत होती.

श्रोत्याला चारही बाजूंनी वेढणारा ध्वनी या भागाला यंत्रांमुळे प्रथम कळला असे म्हणता येत नाही. समर्थ रामदासांनी १६४८ मध्ये चाफळ येथे राममंदिर उभारून रामनवमीचा उत्सव सुरू केला, आणि मंडपात बसून कीर्तन ऐकण्याची परंपरा तेथे रुजली. वारकरी भजनात विणेकऱ्याच्या दोन्ही हातांना टाळकऱ्यांच्या समोरासमोर रांगा असतात व पखवाज एका अंगाला असतो, त्यामुळे मध्ये बसलेल्या श्रोत्याला चाल समोरून, टाळ दोन्ही बाजूंनी आणि मृदंगाचा घुमारा जमिनीतून ऐकू येतो. बनपुरीच्या नाईकबा यात्रेत सासनकाठ्यांबरोबर चालणारा ढोल मोकळ्या डोंगरावर ऐकण्याचा अनुभव पुन्हा वेगळा. शेजारच्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणले आणि मिरजेत तंतुवाद्ये घडवणाऱ्या कारागिरांची परंपरा वाढली, हेही याच परिसराच्या श्रवणसंस्कृतीचे भाग होत. या सर्व प्रकारांत ऐकणारा माणूस ध्वनीकडे जात असे. ध्वनी माणसाच्या घरी येण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

ग्रामोफोन कंपनीने १९०२ च्या अखेरीस कलकत्त्यात भारतातील पहिली ध्वनिमुद्रणे केली आणि पुढील दोन-तीन दशकांत मराठी नाट्यपदांच्या तबकड्या संस्थानिकांच्या, वकिलांच्या व व्यापाऱ्यांच्या दिवाणखान्यांत शिरल्या. मिरजेत वास्तव्य केलेले उस्ताद अब्दुल करीम खाँ आणि मिरजेतच १९०५ साली जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर यांच्या तबकड्यांमुळे कृष्णाकाठच्या गायनाला मैफलीबाहेरचा श्रोता मिळाला. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीनच मिनिटे मावत, त्यामुळे तासाभराचा राग गायकांना त्या मापात बसवावा लागे. यंत्राला विजेची गरज नव्हती, कारण किल्लीने पिळलेली स्प्रिंग तबकडी फिरवी आणि पोलादी सुईचे कंपन पडद्यावाटे कर्ण्यात जाऊन मोठे होई. मात्र सुई झिजत असल्याने प्रत्येक बाजूला नवी सुई लावणे अपेक्षित असे, आणि बाजारगावापासून दूर राहणाऱ्याला सुयांची डबी आठवणीने भरून ठेवावी लागे. येथपासूनच यंत्र एकदा, तबकड्या जमतील तशा आणि सुया सतत, असा खर्चाचा क्रम पडला.

नभोवाणीचा प्रवास याहून निराळा झाला, कारण रेडिओ येथे आधी गावाचा झाला आणि मग घराचा. मुंबईत १९२७ साली प्रसारण सुरू झाले व पुणे केंद्र १९५३ मध्ये उघडले. तोवर वीज नसलेल्या गावांत रेडिओ म्हणजे मोठ्या कोरड्या बॅटरीवर चालणारा, ग्रामपंचायतीत किंवा शाळेत ठेवलेला सामुदायिक संच होता. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्रावरून शेतकऱ्यांसाठी जो श्रवणगटांचा प्रयोग झाला, त्यात पुणे, अहमदनगर, नाशिक, कोल्हापूर आणि उत्तर सातारा या पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावे होती. (आजचा सातारा जिल्हा तेव्हा उत्तर सातारा आणि आजचा सांगली जिल्हा दक्षिण सातारा म्हणून ओळखला जाई, ही नावे १९६० मध्ये बदलली.) आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम गटाने ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि ठरलेले अमलात आणायचे, असे त्याचे स्वरूप होते. त्याचे मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेने केले आणि पुढे देशभर हीच पद्धत स्वीकारली गेली. जगाच्या प्रसारण-इतिहासात नोंदला गेलेला हा प्रयोग सातारा जिल्ह्याच्या मातीत झाला, याचा विसर जिल्ह्याला पडू नये इतके त्याचे मोल आहे.

१९६३ मध्ये आकाशवाणीचे सांगली केंद्र सुरू झाले आणि त्याच सुमारास सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर स्वस्त होऊ लागला. रेडिओचा परवाना पोस्टातून काढून दरवर्षी त्याचे नूतनीकरण करावे लागे आणि ही पद्धत १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालली. परवाना-पुस्तिका ही त्या काळी घरातील महत्त्वाच्या कागदांपैकी एक असे. ट्रान्झिस्टर शेताच्या बांधावर गेला, गोठ्यात गेला, आणि श्रवण प्रथमच वैयक्तिक झाले. पण त्याचा ध्वनिवर्धक तीन-चार इंचांचा असल्याने खर्जाचे स्वर त्यातून येतच नसत. तबल्यातील डग्गा आणि पखवाजाची धुमाळी ज्यांनी समोर बसून ऐकली होती, त्यांना ही उणीव जाणवत होती. चांगल्या आवाजाची ओढ या खोऱ्यात निर्माण झाली ती या जुन्या श्रवणाच्या आठवणीतून.

दरम्यान कोयना प्रकल्पाने तालुक्याचे रूप पालटले. १९५४ मध्ये कामाला आरंभ झाला, १९६२ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली, आणि शिवसागर जलाशयाखाली अनेक गावे जाऊन तेथील कुटुंबांना खोरे सोडावे लागले. ही वीज प्रामुख्याने मुंबई-पुणे पट्ट्यातील उद्योगांकडे गेली, आणि ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या त्यांच्या भाऊबंदांच्या डोंगरवाड्यांत दिवा मात्र बऱ्याच उशिरा लागला. ज्या पाण्यावर महाराष्ट्राचे कारखाने चालले त्याच पाण्याच्या काठी रेडिओला सेल घालावे लागत होते, हा अन्याय त्या खोऱ्याने सोसला आहे आणि तो स्पष्ट शब्दांत सांगितला पाहिजे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे साडेसहा रिश्टरच्या आसपासच्या तीव्रतेचा भूकंप झाला, सुमारे १८० माणसे दगावली आणि दगडमातीची हजारो घरे कोसळली. पुनर्बांधणीत आणि त्यानंतरच्या दशकांत जाड मातीच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन आणि कौलारू छप्पर हळूहळू मागे पडून विटा, सिमेंट, स्लॅब आणि फरशी आली. या बदलाचा ध्वनीशी घनिष्ठ संबंध आहे, त्याचा विचार पुढे येईल.

घरात ध्वनी ‘जोडण्याची’ खरी परंपरा १९७० नंतरच्या मुंबईकरांनी आणली. पाटण तालुक्यातील तरुण पिढ्यान्‌पिढ्या गिरण्यांत, गोदीत आणि बाजारांत कामाला जात. माथाडी कामगारांना संघटित करून १९६९ चा माथाडी कायदा घडवून आणण्यात अग्रेसर असलेले अण्णासाहेब पाटील हे याच तालुक्यातील मंद्रुळकोळे गावचे. गणपतीला आणि यात्रेला गावी येणाऱ्या चाकरमान्याच्या सामानात आखातातून आलेला टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र असलेला संच, दिसू लागला. फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेल्या कॅसेटने तबकडीचा नाजूकपणा संपवला, आणि १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाल्यावर प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते वाडीवाडीत वाजू लागली. टेपचे हेड कापसाने व स्पिरिटने पुसणे आणि सैल झालेली फीत पेन्सिल घालून गुंडाळणे ही घरातल्या मुलांची कामे झाली.

टू-इन-वनच्या आवाजाने समाधान न झालेल्यांनी पुढची पायरी गाठली ती असेंबल अ‍ॅम्प्लिफायरची. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग मिळत. ट्रान्सफॉर्मर, ‘टू एन ३०५५’ हा शक्ती-ट्रान्झिस्टर किंवा पुढे एसटीके मालिकेतील चिप बसवलेली पाटी, आणि पत्र्याचा डबा असे साहित्य आणून बाजारपेठेतील रेडिओ मेकॅनिक ते जोडून देई. पहिल्या वर्षी अ‍ॅम्प्लिफायर आणि एक स्पीकर, पुढच्या गणपतीला दुसरा, त्यानंतर तीक्ष्ण स्वरांसाठी ट्विटर, आणि लाकडी बॉक्स सर्वांत शेवटी, कारण सुताराचे काम सुगीनंतरच्या पैशांवर अवलंबून असे.

बॉक्स येईपर्यंतच्या काळात महाराष्ट्राच्या खेड्यांत सर्रास दिसणारी एक युक्ती विशेष लक्ष देण्याजोगी आहे, ती म्हणजे मातीच्या माठाच्या तोंडावर स्पीकर बसवण्याची. स्पीकरचा कागदी शंकू पुढे सरकतो तेव्हा पुढील हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागील हवा विरळ होते. उघड्यावर ठेवलेल्या स्पीकरमध्ये या दोन विरुद्ध लहरी कडेवरून वळून एकमेकींना मारतात, आणि खर्जाच्या लांब लहरींवर याचा परिणाम सर्वाधिक होत असल्याने आवाज पोकळ वाटतो. माठाने मागील लहर आत कोंडली जाते, त्याच्या गोल भिंतींमुळे समांतर पृष्ठभागांत घडणारे ठराविक स्वरांचे घुमणे कमी होते, आणि भाजलेली माती लाकडाच्या पातळ फळीइतकी थरथरत नाही. माठाच्या आकारमानावर त्याचा स्वतःचा एक घुमारा ठरलेला असे, त्यामुळे एखादा विशिष्ट खर्ज फुगून येई, हा त्याचा दोष. तरीही ध्वनिवर्धकाला पेटी का लागते, हे शास्त्राचे तत्त्व पुस्तक न उघडता हाताने पडताळलेले होते, आणि ज्यांनी ते पडताळले त्यांचा मान अभियंत्याइतकाच आहे.

या काळात चित्रपटाचा ध्वनी फार पुढे गेला होता. इंग्लंडमध्ये अ‍ॅलन ब्लमलाइन याने १९३१ मध्ये स्टिरिओचे, म्हणजे डाव्या-उजव्या कानांना वेगळे संकेत देऊन ध्वनीला जागा प्राप्त करून देण्याच्या पद्धतीचे, पेटंट मागितले. १९४० च्या ‘फँटेशिया’ने प्रेक्षागृहात अनेक बाजूंनी ध्वनी खेळवला. भारतात १९७५ च्या ‘शोले’च्या ७० मिमी प्रतींनी शहरांतल्या प्रेक्षकांना स्टिरिओफोनिक ध्वनी ऐकवला आणि १९९४ मध्ये ‘१९४२ : अ लव्ह स्टोरी’ डॉल्बी स्टिरिओत आला. पाटणच्या प्रेक्षकाला मात्र यात्रेतील तंबू टॉकीजमध्ये किंवा कराड-साताऱ्याच्या चित्रगृहांत पडद्यामागच्या भोंग्यातून एकाच वाटेने येणारा ध्वनी मिळत होता, आणि १९८० च्या दशकात भाड्याने आणलेल्या व्हिडिओवर तोही टीव्हीच्या डब्यातून. डीव्हीडी आली तेव्हा एका चकतीत सहा स्वतंत्र वाटांचा ध्वनी भरलेला होता. चित्रगृहाला जे लाभले नव्हते ते घराला आधी लाभण्याची शक्यता येथे प्रथमच निर्माण झाली. २००४ नंतर छतांवर आलेल्या डिश अँटेनांनी डोंगरांनी अडवलेला दूरदर्शनचा संकेत खोऱ्याखोऱ्यांत स्वच्छ पोहोचवला.

त्याच वेळी एक उलटी गोष्ट घडली. पिक्चर ट्यूबचा टीव्ही जाड असल्याने त्यात बरा स्पीकर मावत असे. त्याची जागा घेणाऱ्या चपट्या टीव्हीत तो मागे किंवा खाली तोंड करून बसवावा लागला, चित्र सुधारले आणि आवाज घसरला. २०१६ च्या ‘सैराट’चे पार्श्वसंगीत लॉस एंजेलिसमध्ये मोठ्या वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित झाले, पण भिंतीला चिकटलेल्या टीव्हीतून त्यातील चेलो आणि तालवाद्यांचा पाया ऐकू येणे अशक्यच होते. या उणिवेवर बाजाराने दिलेले उत्तर म्हणजे एका खोक्यात मिळणारा ४.१ किंवा ५.१ चा तयार संच. तालुक्यात ‘होम थिएटर’ म्हणून प्रथम हाच संच ओळखला गेला. त्याचे लहान प्लास्टिक डबे आणि घुमणारा ‘बूफर’ यांनी हौस भागवली, परंतु त्यातील एक भाग सुधारायचा तर बहुधा सगळाच संच बदलावा लागे. जुन्या असेंबल पद्धतीत दुरुस्ती आणि वाढ या दोहोंना वाव होता. खोक्यातल्या संचाने तो वाव बंद केला, आणि हे निश्चितच नुकसान होते.

गेल्या काही वर्षांत एव्ही रिसीव्हर, म्हणजे चित्र-ध्वनीचे संकेत घेऊन प्रत्येक वाटेला स्वतंत्र शक्ती पुरवणारे यंत्र, आवाक्यात आल्यावर जुनी रीत परतली आहे. रिसीव्हरला कोणते ध्वनिवर्धक जोडलेले नाहीत हे सांगता येते आणि तो त्यांच्या वाटचा ध्वनी असलेल्यांत मिसळून देतो, त्यामुळे आरंभी पुढचे दोनच बॉक्स असले तरी संवाद हरवत नाहीत. या दोहोंवर सर्वाधिक खर्च करावा, कारण संगीताचा सारा भार तेच उचलतात. त्यानंतर संवाद पडद्याच्या मध्यावर बांधून ठेवणारा मधला, मग सुमारे ८० हर्ट्झखालचा खर्ज सांभाळणारा सबवूफर, आणि बाजूचे दोन शेवटी, हा क्रम अनुभवाने सिद्ध झालेला आहे. आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार पुढचे दोन श्रोत्याच्या समोरील मध्यरेषेपासून तीस-तीस अंशांवर आणि बाजूचे सुमारे एकशे दहा अंशांवर असावेत. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जात असल्याने पुढचा बॉक्स आठ फुटांवर आणि बाजूचा चार फुटांवर असेल, तर बाजूचा आवाज साडेतीन मिलिसेकंद आधी पोहोचतो. ही अंतरे टेपने मोजून रिसीव्हरमध्ये भरली की तो जवळच्याला तेवढे थांबवून ठेवतो. या कामाला पैसा लागत नाही, आणि तरीही तेच सर्वांत जास्त वेळा राहून जाते.

भूकंपानंतर बदललेल्या घरांचा प्रश्न येथे पुढे येतो. सारवलेली जमीन, मातीची खडबडीत भिंत आणि फटींची कौले ध्वनी शोषून किंवा विखरून टाकत. स्लॅबखालच्या फरशीच्या चौकोनी खोलीत तोच ध्वनी समांतर भिंतींत आपटत राहतो, टाळी वाजवली तर तिचे झणझणणे ऐकू येते, आणि पाचही बॉक्स उत्तम असूनही संवाद चिकटल्यासारखे कानी पडतात. पाटणच्या घरात यावर उपाय आहे : जमिनीवर सतरंजी, भिंतीवर धनगरी घोंगडी आणि समोरासमोरच्या भिंतींपैकी निदान एकीला भांड्यांचे किंवा पुस्तकांचे कपाट. वाकळ, अर्थात जुन्या लुगड्यांचे थर शिवून केलेली गोधडी, भिंतीपासून दोन बोटे पुढे टांगली तर ती मधले आणि वरचे स्वर चांगले शोषते. कोयनेच्या पावसाचा दमटपणा हा दुसरा शत्रू आहे. कागदी शंकू बुरशी धरतो आणि जोडणीच्या पितळी टोकांवर काट चढतो, म्हणून पावसाळ्यात यंत्र आठवड्यातून काही वेळ चालवून गरम ठेवणे आणि भिंतीपासून वीतभर पुढे ओढणे इष्ट ठरते. व्होल्टेजच्या चढउतारासाठी स्टॅबिलायझर हा खर्च रिसीव्हरच्या आधीचा समजावा.

सातारा, सांगली आणि कोल्हापूर या जिल्ह्यांत मिरवणुकीतील ध्वनिभिंतींनाही ‘डॉल्बी’ म्हणतात आणि त्यामुळे घरातील वेढणाऱ्या ध्वनीबद्दलही वडीलधाऱ्यांच्या मनात अढी बसते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली असून ती घरातील यंत्रालाही शेजाराच्या दृष्टीने लागू पडते. नीट जुळवलेल्या संचाची कसोटी मोठ्या आवाजावर लागत नाही. हळू आवाजात पानांची सळसळ मागून आणि संवाद समोरून स्पष्ट येतो की नाही, यावर ती लागते.

या खोऱ्यातील श्रवणाची साधने अजून घराघरांत माळ्यावर आहेत : परवाना-पुस्तिका, तबकड्या, टू-इन-वन, मेकॅनिकच्या हातचे पत्र्याचे अ‍ॅम्प्लिफायर, हाताने नावे लिहिलेल्या कॅसेटी. एकेक भाग जोडून ज्यांनी ती उभी केली ती पिढी आता सत्तरीपुढे गेली आहे. पाटण, ढेबेवाडी, मल्हारपेठ आणि कोयनानगर येथील शाळा, महाविद्यालये व सार्वजनिक वाचनालये यांनी या वस्तूंची छायाचित्रे घ्यावीत, जुन्या मेकॅनिकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात, आणि घर पाडताना किंवा आवरताना या वस्तू भंगारात घालण्यापूर्वी घरमालकांनी त्यांना एकदा कळवावे.